पोहऱ्यातले शब्द

‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ ही म्हण आजही कानावर पडते. पण पोहरा म्हणजे दोर बांधून आडात सोडायचं भांडं, हे नळाखाली बादली भरणाऱ्या नातवंडांना सांगावं लागतं.

नाण्यांचंही तसंच. १९५७मध्ये दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांचा रुपया गेला. ‘सोळा आणे खरं’ मात्र बोलण्यात टिकलं.

असं बोलणं टिपून ठेवण्याचे प्रयत्नही झाले. आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांनी १८९९मध्ये मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी अनुवादासह छापला. पुढे य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ सिद्ध केला.

तरी कोशात न आलेलं कितीतरी अजून माजघरात आहे. आजीची म्हण तिच्याच बोलीत टिपावी, ‘शुद्ध’ करू नये; आणि भाकरी थापताना ती कुणाला, कशावरून म्हणाली, हेही शेजारी लिहावं.