मोती पिकू दे, म्हणता म्हणता...

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिन्हीसांजेची वेळ होती. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पाहुण्यांसाठी चहा ओतला तो कपात नाही, बशीतही नाही, थेट सतरंजीवर. पाहुणे हसले, आम्हीही हसलो. आत्याबाई मात्र गप्प बसल्या. रात्री मला म्हणाल्या, "उजव्या डोळ्यानं कमीच दिसतंय गं. पण मोती अजून पिकला न्हाई. पिकला की काढू."

मैत्रिणींनो, हे वाक्य तुमच्याही घरात ऐकलेलं असेल. आमच्याकडे तर ते दोन वर्षं चाललं होतं. आधी टोमॅटोची तोडणी, मग कांदे, मग पुतणीचं लग्न. आमचं गाव जुन्नर तालुक्यातलं, नारायणगावला जायला एसटीने पाऊण तास. तेवढासा प्रवास आमच्याने दोन वर्षं झाला नाही.

शेवटी नेलं. डॉक्टरबाईंनी डावा डोळा झाकला आणि बोटं दाखवली. आत्याबाई विचारतात, "कुठली बोटं?" तपासणी झाल्यावर डॉक्टरबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे, पण थोडाच. नजर गेलीय ती काचबिंदूने. उजव्या डोळ्याची गेलेली परत येणार नाही. डावा वाचवू."

मोतीबिंदू आणि काचबिंदू. दोन अक्षरांचा फरक वाटतो, पण फरक जमीन-अस्मानाचा. मोतीबिंदूत डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ होतं; ते काढून नवं बसवलं की पुन्हा दिसतं. काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब बहुतेक वेळा वाढलेला असतो आणि मेंदूकडे जाणारी नस वाळत जाते. नजर कडेकडेने जाते, समोरचं बरेच दिवस दिसत राहतं, म्हणून कळतच नाही. दुखत नाही, खुपत नाही. गेलं ते गेलंच. थेंब घालून किंवा ऑपरेशन करून उरलेलं राखायचं, एवढंच हातात. एक प्रकार मात्र एकदम येतो: डोळा लाल, डोकं फुटेल इतकं दुखणं, उलट्या, दिव्याभोवती रंगीत कडी. हा बायकांमध्ये जास्त दिसतो. पित्त झालं म्हणून आलेपाक खात बसू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

आणि मोती पिकण्याची गोष्ट? ती आपल्या आज्यांच्या काळातली. तेव्हा भिंग अख्खं काढायचे, टाके घालायचे, डोळ्यावर पट्टी बांधून दिवसेंदिवस निजवून ठेवायचे. माझ्या आजीने नंतर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा जन्मभर वापरला. पायरी उतरताना ती पायाने आधी चाचपायची. आता बारीक छेदातून मोतीबिंदू काढतात, आत कृत्रिम भिंग बसवतात, बहुतेकांना टाकाही लागत नाही आणि माणूस अनेकदा त्याच दिवशी घरी येतो. रोजच्या कामात अडचण होऊ लागली की ऑपरेशन करावं. फार पिकू दिला तर भिंग दगडासारखं कडक होतं, ऑपरेशन अवघड होतं, कधी कधी डोळ्यातला दाबही वाढतो.

या भिंगाची कथाही मजेची आहे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या खिडक्यांचे प्लास्टिकचे कण गेले आणि डोळ्यांनी ते मुकाट्याने सहन केले. हेरॉल्ड रिडली या इंग्लिश डॉक्टरांनी ते पाहिलं आणि १९४९ साली तशाच प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. आपल्याकडे मात्र ते कित्येक वर्षं गरिबाला परवडत नव्हतं. १९९२ मध्ये मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या ऑरोलॅबने स्वस्त भिंगं बनवायला सुरुवात केली, तेव्हा चित्र पालटलं.

आमच्या भागाची कथा याहून जवळची. नारायणगाव म्हटलं की लोकांना तमाशाच्या राहुट्या आठवतात, टोमॅटोचा बाजार आठवतो. आम्हाला डोळ्यांचा दवाखानाही आठवतो. डॉ. मनोहर डोळे (आडनावसुद्धा कसं बघा!) हे इथले वैद्य, आयुर्वेदाचे. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची पदवी त्यांच्याकडे नव्हती, पण आंधळेपणा घेऊन घरात बसलेली म्हातारी माणसं रोज समोर दिसत होती. मग त्यांनी नेत्र शिबिरांच्या कामाला वाहून घेतलं आणि शस्त्रक्रिया करणारे हात जोडत गेले. त्यातून डॉ. मनोहर डोळे मेडिकल फाउंडेशन आणि नारायणगावचं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय उभं राहिलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. जुन्नरचा आणि आंबेगावचा पश्चिम भाग म्हणजे डोंगर, महादेव कोळी समाजाच्या वाड्या-वस्त्या, पावसाळ्यात बंद होणारे रस्ते. आहुप्याच्या आजीने आपण होऊन तालुक्याला येऊन डोळे दाखवावेत, ही अपेक्षाच चुकीची. दवाखान्यानेच तिच्याकडे जायला हवं, हे ज्याला उमगलं तो मला मोठा वाटतो.

याच जातीचं दुसरं नाव डॉ. तात्याराव लहाने यांचं. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. १९९५ मध्ये त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा आई अंजनाबाईंनी आपली एक दिली. त्या किडनीवर त्यांनी मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात मोतीबिंदूच्या लाखाहून जास्त शस्त्रक्रिया केल्या. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आता आपल्या बायकांचे प्रश्न. मी शिवणकाम करते, त्यामुळे माझ्या ओसरीवर दिवसभर बायका येतात आणि आत्याबाईंचं समजल्यापासून ब्लाउजच्या मापाबरोबर डोळ्यांच्या गोष्टीही निघतात.

"चाळिशीत सुईत दोरा ओवता येईना, जवळचा चष्मा लावला तर नंबर वाढेल का?" नाही वाढणार. वयाने भिंग ताठर होतं, ते चष्मा लावला तरी होणार आणि नाही लावला तरी होणार. मी बेचाळिसाव्या वर्षी लावला. आधी वर्षभर लेकीकडून दोरा ओवून घेत होते, उगाच.

"मुलीला चष्मा लागला तर स्थळं येतील का?" या प्रश्नाचा मला खरंच राग येतो. फळ्यावरचं दिसत नाही म्हणून पोर गणितात मागे पडते आणि आपण तिला ढ म्हणतो. तिरळेपणाचंही तसंच. तो नशीबवान असतो म्हणून ठेवून देतात. तिरळा डोळा मेंदू वापरेनासा होतो आणि वय वाढेल तसा उपचाराचा गुण कमी येतो. शाळेत घालायच्या आधीच मूल दाखवा. आणि लहान बाळाच्या बुबुळात पांढरी चमक दिसली, तर एक दिवसही थांबू नका.

उसाच्या पात्याचं तर आपल्याकडे नेहमीचंच. खुरपताना, तोडताना पातं सपकन डोळ्याला लागतं. बाई पदराचा बोळा करून फुंकर घालते, कोणी मध घाला म्हणतं, कोणी बाळंतिणीचं दूध. माझ्या चुलत जावेने दुकानातून विचारून ट्यूब आणली. त्यात स्टिरॉइड होतं. दोन दिवस बरं वाटलं, मग बुबुळावर पांढरा ठिपका. पात्याच्या जखमेत बुरशी शिरते आणि स्टिरॉइडने ती फोफावते. तिचा डोळा वाचला, पण फूल पडलं ते पडलंच. तीच औषधं चिठ्ठीशिवाय महिनोन्महिने घातली तर काचबिंदूही होतो. द्राक्षावर फवारणी करताना औषध डोळ्यात उडालं, तर आधी जागेवरच भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा, मग गाडी शोधा.

डोळे येण्याची साथ २०२३ च्या पावसाळ्यात आळंदीकडे केवढी पसरली होती, आठवतंय ना? ती नुसतं बघितल्याने लागत नाही. टॉवेल, उशी, हात यांतून लागते.

साखरेचा आजार असलेल्यांनी दिसत असलं तरी वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून आतला पडदा तपासून घ्यावा. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नाही. त्या दिवशी सोबत कोणीतरी न्या, घरी येताना उन्हात काहीच सुधरत नाही.

पैशाचं म्हणाल तर मोतीबिंदूचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात मोफत होतं. खरी अडचण वेगळी असते: सोबत जायचं कोणी आणि घरचं करायचं कोणी? घरातल्या पुरुषाचा डोळा महिन्यात होतो, बाईचा सुगी संपेपर्यंत थांबतो. शिवाय नंतर काही दिवस चुलीपुढे बसायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. हे सांगितलं की बायका आधीच नको म्हणतात.

आत्याबाईंच्या डाव्या डोळ्यात आता रोज थेंब पडतात. रात्रीचा थेंब मालिका सुरू होते त्या वेळेला, म्हणजे विसरायला नको. अंधार पडला की त्या अंगणात उतरत नाहीत. आमच्याकडे बिबट्याची भीती असतेच, आणि उजव्या बाजूने काही आलं तर त्यांना दिसत नाही.

काचबिंदू घराण्यात चालतो, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. चाळिशीनंतर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी तपासून घ्यायचं. माझ्या मालकांचं झालं, नणंदेचं झालं. राहिली घोडेगावची मावशी, आत्याबाईंची धाकटी बहीण. फोन केला तर म्हणते, "मला चांगलं दिसतंय, कशाला?" आत्याबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाल्या, "मलाबी दिसत व्हतं. सोमवारी येतोय आम्ही, तयार राहा."