उकाडा वेगळा, ऊन वेगळं

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७च्या घरात जातो. मग इथे सोलर कुकर नुसता धडधडत असेल, असं कुणालाही वाटावं. अभियांत्रिकीच्या पोरांना एक बनवायला लावा, म्हणजे गंमत कळते.

सामान साधं. प्लायवूडची पेटी, आत ग्लासवूल, त्यावर काळा मॅट रंग दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा, वर दोन काचा आणि त्यांच्यामध्ये बोटभर हवा. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे साडेपाच हजार अंशांचा, म्हणून त्याचा प्रकाश आखूड लहरींचा. तो काचेतून बिनबोभाट आत शिरतो. पत्रा तापतो जेमतेम दीडशे अंश, त्याच्या अवरक्त लहरी लांब, आणि त्यांना तीच काच अडवते!

आता परीक्षा. रिकामी पेटी भर दुपारी उन्हात ठेवायची. पत्र्याचं तापमान स्थिरावलं की त्यातून हवेचं वजा करायचं आणि फरकाला दर चौरस मीटर उन्हाच्या वॅटने भागायचं. भारतीय मानकानुसार वरच्या श्रेणीच्या कुकरचं उत्तर किमान ०.१२ हवं. म्हणजे ऊन ९०० वॅटचं असेल, तर पत्रा हवेपेक्षा १०८ अंशांनी गरम. चंद्रपुरात मे महिन्यात हवा ४५ अंश, तर पत्रा १५३. गडचिरोलीत डिसेंबरच्या दुपारी हवा २८ धरा, पेटी सूर्याकडे कलती करून तेवढंच ऊन मिळवा, तर १३६. एवढ्या काहिलीची कमाई फक्त सतरा अंश!

उत्तर कमी आलं तर गुन्हेगार बहुधा झाकणाची कड. सुहास सुखात्मे यांच्या १९८४च्या सौरऊर्जेवरच्या पाठ्यपुस्तकात उष्णता कुठून किती निसटते याची समीकरणं आहेत. पण रबराची पट्टी कोपऱ्यात नीट बसली नाही, हे हात घातल्याशिवाय समजत नाही.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जाळून ५०० अंशांपलीकडची वाफ करतात. पेटीला ते जमणं नाही. तिथे ऊन गोळाच करावं लागतं. आयआयटी मुंबईच्या शिरीष केदारे यांच्या संशोधनातून आलेली ‘अरुण’ तबकडी लातूरच्या महानंद डेअरीत बसवली गेली. सपाट आरशांचे तुकडे जोडलेली, सुमारे १६० चौरस मीटरची, दिवसभर सूर्यामागे वळणारी. तिच्या उष्णतेवर दूध पाश्चराइज व्हायचं. मात्र आरशांना सूर्याकडून थेट आलेले किरणच एका जागी आणता येतात, ढगांनी विखुरलेले नाहीत. त्यामुळे आभाळ भरून आलं की आपली पेटी निदान कोमट राहते. एवढी अवाढव्य तबकडी मात्र ठप्प!