पंच्याहत्तर तासांची शिदोरी

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की लहानसे खाजगी रुग्णालय किंवा प्रसूतिगृह डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. वार्धक्याने वा दीर्घ आजाराने ज्यांना स्वतःचे स्वतः उठता-बसता येत नाही, अशांची अहोरात्र देखभाल जेथे होते, ते शुश्रूषागृह म्हणजे तेथील नर्सिंग होम. अशी सुमारे पंधरा हजार गृहे त्या देशात असून त्यांत बारा लाखांच्या आसपास माणसे राहतात. इंदूर-बडोद्यापासून बेळगाव-हैदराबादपर्यंत अनेक मराठी घरांतील मुले तिकडे स्थायिक झाली आहेत. त्यामुळे हा शब्द आपल्या कानांवर पडतो. त्यामागचा कायदा मात्र फारसा कोणास ठाऊक नसतो. तो जाणून घेण्याजोगा आहे.

या गृहांत डॉक्टर अधूनमधून येतात. औषधे व नोंदी परिचारिका सांभाळतात. परंतु आंघोळ घालणे, घास भरवणे, कूस बदलणे, शौचास नेणे ही दिवसभराची कामे करतो तो 'नर्सिंग असिस्टंट', म्हणजे परिचर्या-साहाय्यक. १९६५ साली 'मेडिकेअर' व 'मेडिकेड' या योजना सुरू झाल्या आणि सरकारी पैशावर ही गृहे झपाट्याने वाढली. त्याबरोबर तक्रारीही वाढल्या. अंथरुणाला खिळलेल्यांच्या अंगावर व्रण पडत. कोणास खुर्चीला बांधून ठेवीत, तर कोणास गुंगीची औषधे देऊन गप्प बसवीत. १९८५ मध्ये एका नागरिक संघटनेने पंधरा शहरांतील चारशेहून अधिक रहिवाशांनाच विचारले, की चांगली देखभाल म्हणजे काय? इमारत किंवा यंत्रसामग्री यांपेक्षा त्यांनी महत्त्व दिले ते आपली सेवा करणाऱ्या माणसांना, त्यांच्या वागणुकीला. पुढल्याच वर्षी 'इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन' या मान्यवर संस्थेने आपल्या अहवालात व्यापक सुधारणा सुचवल्या, आणि २२ डिसेंबर १९८७ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या स्वाक्षरीने त्या कायद्यात उतरल्या.

या कायद्याने साहाय्यकासाठी किमान पंच्याहत्तर तासांचे शिक्षण सक्तीचे केले. त्याच्या नियमांतील क्रम मोठा मार्मिक आहे. संवाद कसा साधावा, संसर्ग कसा टाळावा, घशात घास अडकला तर काय करावे, वृद्धाला स्वतः करता येईल ते स्वतःच करू कसे द्यावे आणि त्याच्या हक्कांचा मान कसा राखावा, हे निदान सोळा तास शिकल्यावाचून कोणाही रहिवाशाच्या अंगाला हात लावायचा नाही. आणखी किमान सोळा तास परिचारिकेच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. स्मृतिभ्रंश झालेल्यांशी कसे वागावे आणि मृत्यू समीप आलेल्याची सेवा कशी करावी, हेही अभ्यासक्रमात आहे. शेवटी परीक्षा; नंतर दरवर्षी किमान बारा तासांची उजळणी. सलग दोन वर्षे असे पगारी काम केले नाही, तर पुन्हा शिक्षण व परीक्षा, किंवा निदान नव्याने परीक्षा.

प्रत्येक राज्याने साहाय्यकांची नोंदवही ठेवावी, असेही बंधन आहे. छळ, हेळसांड किंवा रहिवाशाच्या चीजवस्तूंचा अपहार सिद्ध झाल्यास त्याची नोंद तेथे होते आणि अशा माणसास गृहाने कामावर घ्यायचे नसते. शिस्तीसाठी वा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कोणाला बांधून ठेवण्यास किंवा औषधाने जखडण्यास मनाई झाली. बांधून ठेवण्याचे प्रमाण त्यानंतर पुष्कळच घटले.

तथापि कायद्याने सारे साधले असे नाही. पंच्याहत्तर तास म्हणजे जेमतेम दोन आठवडे. अनेक राज्यांना ते अपुरे वाटले. मेन राज्याने १८० तास ठरवले आहेत. शिवाय, शिकलेला साहाय्यक किती जणांना पुरे पडणार, हा प्रश्न उरतोच. २०२४ साली संघीय सरकारने नियम काढला, की रहिवाशामागे दररोज एकूण ३.४८ तासांची शुश्रूषा मिळावी व त्यांपैकी २.४५ तास साहाय्यकांचे असावेत. माणसे मिळत नाहीत आणि खर्च परवडत नाही, अशी गृहचालकांची हरकत होती. एप्रिल २०२५ मध्ये टेक्सासमधील संघीय न्यायालयाने या नियमाचा गाभा रद्द ठरवला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये झालेल्या कायद्याने त्याची अंमलबजावणी २०३४ पर्यंत रोखली. हाताला शिक्षण हवे हे मान्य झाले. हात किती हवेत यावर मात्र एकमत झाले नाही.

आता आपल्या घराकडे पाहू. अंथरुणाला खिळलेल्या आजीसाठी ब्यूरोकडून बाई ठेवताना आपण पगार विचारतो, पाळी विचारतो, सुट्ट्या ठरवतो. कूस किती वेळाने बदलावी, भरवताना पाठीला टेकू देऊन कसे बसवावे, पलंगावरून खुर्चीत नेताना आधार कोठे द्यावा, हे तिला कोणी शिकवले आहे काय, असे किती जण विचारतात? घरच्या सुनेने वा मुलाने ही सेवा केली, तरी मायेने हे ज्ञान आपोआप येत नाही. रुग्णालयातून घरी परतण्यापूर्वी तेथील परिचारिकेकडून अर्धा तास शिकून घेतले, तरी पुढचे कित्येक व्रण टळतील. आणि 'चोवीस तासांची बाई' हा शब्दप्रयोग करताना तीही माणूस आहे, तिलाही झोप लागते, याचा विसर पडू नये. थकलेल्या हातून शिकलेली गोष्टही चुकते.

म्हाताऱ्या माणसाला उठवून बसवणे हे कोणालाही जमणारे हलके काम आहे, ही आपली जुनी समजूत. त्या कायद्याने तिला छेद दिला, हे त्याचे मोठे श्रेय आम्ही मानतो. पंच्याहत्तर तासांची शिदोरी तोकडी खरी. पण शिदोरीच न देता कोणास या वाटेवर धाडणे बरे नव्हे, आणि आपल्या आईवडिलांना अशा हाती सोपवणे तर नव्हेच नव्हे.