हार्ड डिस्क भरली? आधी ओळखा, मग पुसा

काही वर्षांपूर्वी घेतलेला संगणक एके दिवशी 'लो डिस्क स्पेस' असा इशारा देऊ लागतो आणि साफसफाईची घाई सुरू होते. या घाईत पहिला बळी जातो तो छायाचित्रांचा आणि जुन्या पत्रव्यवहाराचा, कारण त्याच फाइल्स डोळ्यांसमोर असतात. प्रत्यक्षात जागा अडवणाऱ्या बऱ्याच गोष्टी नजरेआड असतात. म्हणून साफसफाईचा क्रम महत्त्वाचा ठरतो. संगणक जे स्वतः पुन्हा तयार करू शकतो ते आधी काढावे, जे पुन्हा मिळवता येते ते त्यानंतर. आणि जे पुन्हा कधीच मिळणार नाही, त्याला प्रत काढल्याशिवाय हात लावू नये.

'मेमरी भरली' हा नेहमीचा शब्दप्रयोग दिशाभूल करणारा आहे. रॅम वेगळी आणि हार्ड डिस्क वेगळी. फाइल्स पुसल्याने रॅम वाढत नाही. मात्र रॅम अपुरी पडली की विंडोज हार्ड डिस्कचा काही भाग तात्पुरती मेमरी म्हणून वापरते. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला तर ही सोयही अपुरी पडते आणि नवी अपडेट्सही बसत नाहीत. ५०० जीबीची डिस्क संगणकावर सुमारे ४६५ जीबीच दिसते, याचा मात्र साफसफाईशी संबंध नाही. उत्पादक १००० च्या पटीत मोजतात, तर विंडोज १०२४ च्या. एवढाच तो फरक होय.

नजरेआडची अडगळ

स्टार्ट मेन्यूमध्ये 'डिस्क क्लीनअप' शोधून ते सुरू करावे आणि सी ड्राइव्ह निवडून 'क्लीनअप सिस्टिम फाइल्स' या बटणावर क्लिक करावे. तात्पुरत्या फाइल्स आणि अपडेट्सचे जुने अवशेष येथून निर्धास्तपणे काढता येतात. विंडोज १० च्या काही आवृत्त्यांत या यादीत 'डाउनलोड्स' फोल्डरही असतो. त्यापुढे खूण नाही ना, हे पाहून घ्यावे. रिसायकल बिन रिकामा करण्यापूर्वी तोही एकदा उघडून पाहावा. पुसलेली फाइल तेथे असेपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही.

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्यांनी त्याच संगणकावर विंडोज ११ घेतले, त्यांच्याकडे जुनी विंडोज 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स' या नावाने कित्येक जीबी जागा व्यापून राहते. साधारणपणे १० दिवसांनी ती आपोआप काढली जाते. आधीच काढली तरी चालते. मात्र त्यानंतर जुन्या विंडोजकडे परतण्याची वाट बंद होते. 'विंडोज' फोल्डरमध्ये शिरून तेथील फाइल्स हाताने पुसणे मात्र कटाक्षाने टाळावे.

सी भरलेला, डी रिकामा

आपल्याकडे संगणक जुळवून देताना डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडण्याची पद्धत रूढ आहे. परिणामी सी भरून वाहतो आणि डी ओस पडतो. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइलही सहसा सी ड्राइव्हवरच असते. 'पिक्चर्स' किंवा 'डॉक्युमेंट्स' फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधील 'लोकेशन' या भागातून तो फोल्डर डी ड्राइव्हवर हलवता येतो. काहीही न पुसता सी ड्राइव्हवर जागा होते.

यानंतर 'डाउनलोड्स' फोल्डर आकारानुसार लावून पाहावा. प्रोग्रॅमच्या सेटअप फाइल्स आणि पाहून झालेले चित्रपट पुन्हा मिळू शकतात, ते काढावेत.

मराठी मजकुराचा धोका

युनिकोड रुळण्यापूर्वीचा बराच मराठी मजकूर श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या प्रणालींच्या फाँटमध्ये टाइप केलेला आहे. न वापरलेला प्रोग्रॅम म्हणून तो काढला आणि त्यासोबत फाँटही गेले, तर ती कागदपत्रे उघडतात. पण मराठीऐवजी अर्थहीन रोमन अक्षरे दिसतात. हे फाँट जागा अगदी थोडी घेतात. आधी त्यांची प्रत ठेवावी आणि महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

छायाचित्रे बाह्य डिस्कवर नेताना 'कट' न करता 'कॉपी' करावे, काही फाइल्स तेथून उघडून पाहाव्यात आणि मगच मूळ फाइल्स पुसाव्यात. एकाच पेन ड्राइव्हवर हलवलेली छायाचित्रे म्हणजे बॅकअप नव्हे. ती पूर्वीसारखीच एकुलती एक प्रत असते. गुगल ड्राइव्ह वा वनड्राइव्हशी सिंक केलेल्या फोल्डरमधील फाइल संगणकावरून पुसली, तर ती तिकडूनही जाते, हेही ध्यानात असावे.

'एका क्लिकमध्ये सफाई'चे आश्वासन देणाऱ्या प्रोग्रॅमपासून सावध राहिलेले बरे. सप्टेंबर २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय प्रोग्रॅमच्या अधिकृत आवृत्तीतच घातक कोड शिरल्याचे उघड झाले होते आणि ती २० लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली होती. रजिस्ट्री साफ केल्याने जागाही नगण्यच मिळते.

सी ड्राइव्हचा साधारण दहावा हिस्सा मोकळा झाला की थांबावे. एवढ्यावर रोजचे काम भागते. उरलेल्या फाइल्सपैकी कोणती ठेवायची नि कोणती नाही, हा निर्णय सवडीने आणि घरातल्या इतरांना विचारून घेता येतो.