सॉफ्टवेअरही बियाण्यासारखेच, मोहोर पाहून घ्या

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनामुळे राज्यभर माहीत झाले. त्यानंतर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडीतील जुनी दप्तरे वाचली गेली, स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. पणजोबांची नोंद शोधण्यापासून जात प्रमाणपत्राच्या अर्जापर्यंतचा प्रवास आता संगणकावरून होतो. शिष्यवृत्ती, पीक विमा, सातबारा यांचेही तेच. त्यामुळे गावातल्या घरी किंवा दुकानात असलेला डेस्कटॉप हा कागदपत्रांच्या पेटीइतकाच जपण्याचा ऐवज झाला आहे.

या पेटीचे कुलूप मात्र अनेक ठिकाणी सैल आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी केल्यास आणखी एक वर्ष सुरक्षा दुरुस्त्या मिळू शकतात. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. आठ-दहा वर्षांपूर्वीचे बहुतेक डेस्कटॉप या अटीत बसत नाहीत. मग दोन वाटा उरतात. कोणीतरी पेनड्राइव्हवर आणून दिलेली ‘क्रॅक’ प्रत टाकायची किंवा लिनक्ससारखी मोफत प्रणाली बसवायची. पहिली वाट सोपी वाटते. पण क्रॅक चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, यातच सगळे आले.

दुकान एकच, माल तपासलेला

लिनक्सवर आलेल्या माणसाची पहिली अडचण असते ती सॉफ्टवेअर कुठून घ्यायचे ही. सवयीप्रमाणे तो इंटरनेटवर शोधतो, पहिल्या संकेतस्थळावरून फाइल उतरवतो आणि अडकतो. लिनक्समध्ये रीत वेगळी आहे. प्रत्येक प्रणालीचे स्वतःचे सॉफ्टवेअर भांडार असते आणि त्यातला माल दाखवणारे एक दुकान संगणकावरच असते. लिनक्स मिंटमध्ये त्याचे नाव ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’, उबुंटूत ‘अ‍ॅप सेंटर’, केडीई वापरणाऱ्यांकडे ‘डिस्कव्हर’. यापेक्षा जुने आणि साधे दिसणारे दुकान म्हणजे ‘सिनॅप्टिक’. ते ब्राझीलमधील कोनेक्टिव्हा कंपनीत तयार झाले. मिंटमध्ये ते आधीपासून असते. डेबियन आणि उबुंटूत भांडारातून घेता येते. डेबियनच्या भांडारात आज ६० हजारांहून अधिक पॅकेजेस आहेत. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच उभी आहे.

जालना जिल्ह्याला ही रीत समजावून सांगायला नको. बदरीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये महिकोची स्थापना केली, तेव्हापासून हा जिल्हा बियाण्यांसाठी ओळखला जातो. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळे लेबल असते, शिवण आणि मोहोर शाबूत असते. बाजारात सुटे मिळणारे बियाणे स्वस्त असले तरी ते उगवले नाही तर दाद कोणाकडे मागणार? भांडारातल्या सॉफ्टवेअरलाही अशीच मोहोर असते.

ही मोहोर गणिती आहे. प्रत्येक पॅकेजमधून सूत्राने एक लांबलचक आकडा काढतात. पॅकेजमध्ये एका अक्षराचा फरक झाला तरी तो आकडा पूर्ण बदलतो. सगळ्या आकड्यांच्या यादीवर प्रणाली बनवणाऱ्यांची डिजिटल सही असते आणि ती पडताळण्याची किल्ली आपल्या संगणकात आधीच ठेवलेली असते. सही जुळली नाही किंवा आकडा चुकला, तर मॅनेजर ते पॅकेज बसवायला नकार देतो. डेबियनमध्ये ही तपासणी २००७ च्या ४.० आवृत्तीपासून आहे.

ती का हवी, हे २०१६ मध्ये दिसले. २० फेब्रुवारीला लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि एका आवृत्तीच्या दुव्यावर चोरदरवाजा असलेली प्रत लावली गेली. त्या दिवशी तिथून ती प्रत उतरवणारे फसले. आधीच बसवलेल्या मिंटमध्ये मॅनेजरमधून अपडेट घेणाऱ्यांना त्याची झळ लागली नाही.

अडले तर काय पाहावे

मॅनेजर अडला की लोक घाबरून प्रणालीच नव्याने टाकतात. खरे तर बहुतेक बिघाड ठरावीक असतात. चकचकीत दुकाने अनेकदा ‘काहीतरी चुकले’ एवढेच सांगतात. सिनॅप्टिक नेमका संदेश दाखवतो. म्हणून आधी ते उघडून संदेश वाचावा.

‘दुसरा प्रोग्रॅम वापरत आहे’ असा अर्थ निघत असेल तर पाठीमागे आपोआप अपडेट चालू असते. दहा-पंधरा मिनिटे थांबावे. ते कुलूप जबरदस्तीने तोडले तर दोन प्रोग्रॅम एकाच वहीत एकाच वेळी लिहू लागतात आणि हिशेब बिघडतो.

आपल्याकडचा नेहमीचा बिघाड विजेचा. अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली की काही पॅकेजेस उतरलेली पण न जुळवलेली राहतात. संगणक पुन्हा सुरू केल्यावर मॅनेजर पुढे सरकत नाही. अशा वेळी टर्मिनलमध्ये एक आज्ञा चालवायची असते आणि ती त्या संदेशातच लिहून दिलेली असते. काही जोडण्या तुटल्या असतील तर सिनॅप्टिकच्या ‘एडिट’ मेनूत तुटलेली पॅकेजेस दुरुस्त करण्याची सोय आहे. यूपीएस नसेल तर भारनियमनाच्या वेळेत मोठे अपडेट सुरूच करू नये.

तिसरा बिघाड जुन्या डेस्कटॉपचा खास. मदरबोर्डवर सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की संगणक बंद-चालू केल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. मग भांडाराची ताजी यादी ‘भविष्यातली’ ठरते आणि मॅनेजर ती स्वीकारत नाही. ब्राउझरही सुरक्षित संकेतस्थळे उघडायला कुरकुर करतो. इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळले तर प्रश्न सुटतो. नाही तर तारीख हाताने दुरुस्त करावी आणि सेल बदलून घ्यावा. असा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

यादीतल्या पत्त्यांवर ‘४०४’ दिसत असेल तर एकदा यादी ताजी करून पाहावी. तरीही तेच आले तर बहुधा आपल्या आवृत्तीची मुदत संपलेली असते. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना नेहमीचा आधार ५ वर्षे मिळतो. त्यानंतर नव्या आवृत्तीकडे जाणे हाच उपाय. आणि डिस्क भरली असेल तर कोणतेही अपडेट होणार नाही. आधी जागा करावी.

जोडणीचाही विचार हवा. एक प्रोग्रॅम दुसऱ्या अनेक छोट्या पॅकेजेसवर अवलंबून असतो. ठिबकच्या नळीला भलत्याच मापाचा जोड चालत नाही, तसे बाहेरचे भांडार जोडून आणलेले पॅकेज मूळ संचाशी जुळत नाही. अपडेट अडण्यामागे असे भांडार निघाले, तर ते यादीतून बंद करून पाहावे.

मोहोर म्हणजे हमी नव्हे

मोहोरबंद पिशवीतही कधी खराब दाणा निघतो. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. तो दोन-तीन वर्षे विश्वास कमावलेल्या एका सहकाऱ्यानेच घातला होता. लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला तो दिसला. डेबियनच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंत तो पोहोचला होता, स्थिर आवृत्तीपर्यंत नाही. धडा दुहेरी आहे: घरच्या संगणकावर स्थिर आवृत्तीच ठेवावी आणि अपडेट टाळू नयेत, कारण दुरुस्तीही त्याच वाटेने येते.

सगळ्यांनीच लिनक्सकडे वळावे असे नाही. सेवा केंद्रातील अंगठ्याची यंत्रे आणि डिजिटल सहीचे टोकन यांचे सॉफ्टवेअर बहुतांशी विंडोज गृहीत धरून केलेले असते. असे काम करणाऱ्यांनी अधिकृत विंडोजच ठेवावे आणि प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून किंवा मूळ कंपनीकडूनच घ्यावेत. मुलांचा अभ्यास, अर्ज भरणे, टायपिंग यासाठीच्या जुन्या संगणकाला मात्र लिनक्स पुरते. आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहावे, प्रिंटर आणि मराठी कळफलक चालतो का ते तपासावे. प्रणाली बदलण्यापूर्वी सगळ्या दाखल्यांच्या दोन प्रती बाहेर काढून ठेवाव्यात.

मोबाइललाही हाच नियम लागू आहे. पीएम किसान किंवा वाहन चलनाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या बनावट एपीके फाइल म्हणजे सुटे बियाणेच. फाइल ओळखीच्या माणसाकडून आली म्हणून ती खरी ठरत नाही. त्याचाही मोबाइल फसलेला असू शकतो. ती उघडण्याआधी अधिकृत स्टोअरमध्ये तेच अ‍ॅप आहे का, हे शोधायला एक मिनिट लागते.