कोणता बहार धरायचा?

मे महिन्यात कळमेश्वरात दुपारी बारा ते पाच करण्यासारखं काही नसतं. कूलरच्या टाकीत पाणी भरायचं, त्याच्या तोंडाशी चटई टाकायची आणि ऊन उतरायची वाट पाहायची. अशाच एका दुपारी सुट्ट्यांसाठी आलेला भाचा मोबाइल घेऊन शेजारी लवंडला. "मामा, हे स्टार वॉर्स कुठून पाहाचं? मी एक नंबरपासून लावलं होतं. अर्ध्या तासात झोप लागली."

त्याचं चुकलं नव्हतं. एकपासून सुरू करावं हे आपण पाढ्यांपासून शिकतो. पण या घराण्यात थोरला उशिरा जन्मला आहे. २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत जॉर्ज लुकास यांचा जो सिनेमा लागला त्याचं नाव नुसतं 'स्टार वॉर्स' होतं, त्याला नंबर नव्हता. १९८० मध्ये पुढचा आला, तो मात्र सुरुवातीच्या पिवळ्या अक्षरांतच स्वतःला पाचवा म्हणवून घेत होता. मग १९८१ मध्ये जुना सिनेमा पुन्हा थिएटरात लावताना त्याच्यावर 'भाग चौथा : अ न्यू होप' अशी पाटी चढली. १९८३ मध्ये सहावा आला. पहिला, दुसरा आणि तिसरा थेट १९९९, २००२ आणि २००५ मध्ये. ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्नेने चारशे कोटी डॉलरच्या वर मोजून लुकास यांची कंपनी घेतली, आणि २०१५ ते २०१९ या काळात सातवा, आठवा, नववा काढला. मधल्या फटींत 'रोग वन' आणि 'सोलो' बसवले.

मी कागद घेऊन हिशेब मांडला. हे अकरा सिनेमे म्हणजे जवळपास पंचवीस तास. 'द क्लोन वॉर्स' ही कार्टून मालिका १३३ भागांची, तिचे आणखी पन्नासेक तास. २०१९ ते २०२५ या काळात आलेल्या, खऱ्या नटांच्या सात मालिकांचे मिळून ८५ भाग. बाकीची कार्टूनं, कादंबऱ्या, कॉमिक्स मी मोजलीच नाहीत. कूलरची मोटर तेवढी टिकली नसती.

एवढं सगळं पाहणं होणार नाही, निवडावंच लागेल. ते कसं, हे कळायला आता थोडं बागेकडे. माझ्या भाऊजींची मोहप्याकडे संत्र्याची बाग आहे. संत्र्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फूल येऊ शकतं. जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो तो आंबिया बहार, त्याची फळं दिवाळीच्या पुढेमागे तोडायला येतात. पहिल्या पावसावर फुलतो तो मृग, त्याची फळं फेब्रुवारी-मार्चात. दोन्ही बहार पुरते घ्यायचे म्हटले तर झाड खंगतं. म्हणून बागाईतदार एक धरतो आणि एक सोडतो. धरायचा म्हणजे आधी पाणी तोडायचं, झाडाला ताण द्यायचा. मृग धरणाऱ्यांच्या बागा मे महिन्यात ताणावर असतात. पानं मलूल होतात, नवखा माणूस बघून घाबरतो. ते तसंच लागतं.

भाच्याने जे लावलं होतं तो १९९९ चा बहार. त्या सिनेमाची सुरुवात व्यापारी मार्गांवरच्या करावरून पेटलेल्या वादाने होते. मे महिन्यातल्या दुपारी, पोटात आमरस असताना, कराचा वाद कोणालाही झोपवील. पण खरी अडचण वेगळी आहे. तो सिनेमा अशा प्रेक्षकासाठी काढला आहे, ज्याला पुढचं सगळं ठाऊक आहे. एका लहान पोराकडे कॅमेरा जरा जास्त वेळ थबकतो तेव्हा जुन्या प्रेक्षकाच्या पोटात कालवतं. नव्याला वाटतं, हे पोरगं कोण आणि याचं एवढं काय?

१९७७ चा सिनेमा मात्र अनोळखी माणसाला दारातून आत घेतो. वाळवंटी ग्रह, आकाशात दोन सूर्य, आणि ओवेन नावाचा एक काका हवेतून ओल गोळा करण्याची शेती करतो. पुतण्याला, ल्यूकला, तिथून निघून जायचंय. काका म्हणतो, या हंगामापुरता थांब, माणसं कमी आहेत. ट्युनिशियात चित्रित झालेला हा प्रसंग पाहताना भाचा उठून बसला. पाण्यासाठी खस्ता, डोक्यावर ऊन, आणि बाहेर पडू पाहणाऱ्या पोराला वावरात अडकवणारा हंगाम. यातलं काहीच त्याला समजावून सांगावं लागलं नाही. इथे सूर्य एकच आहे, पण मे महिन्यात तेवढा पुरतो.

जाणकार मंडळी इथे रहस्याचा मुद्दा काढतात. १९८० च्या सिनेमात शेवटी एक गुपित फुटतं. तिसरा भाग आधी पाहिला तर ते वाया जातं, म्हणून क्रम जपा. २०११ मध्ये रॉड हिल्टन या अमेरिकन प्रोग्रॅमरने याच काळजीतून 'मशेटी क्रम' सुचवला : चार, पाच, मग मागे वळून दोन, तीन, आणि शेवटी सहा. पहिल्याला चक्क वगळलं. युक्ती देखणी आहे. गुपित फुटल्याबरोबर कथा मागे जाते आणि ते कसं घडलं हे दाखवून परत येते. चित्रीकरणाच्या वेळीही हे गुपित इतकं जपलं होतं की काळ्या चिलखतातल्या खलनायकाचं काम करणारे नट डेव्हिड प्राऊस यांना तिथे खोटंच वाक्य बोलायला दिलं आणि खरं वाक्य नंतर जेम्स अर्ल जोन्स यांच्या आवाजात भरलं. मीही ते इथे फोडत नाही.

तरी मला हा मुद्दा आपल्याकडे फारसा लागू वाटत नाही. आमच्याच तालुक्यात चंद्रभागेच्या काठी धापेवाडा आहे, विदर्भाचं पंढरपूर म्हणतात त्याला. तिथे कीर्तनाला बसलेल्या माणसाला आख्यानाचा शेवट माहीत असतो. म्हणून तो उठून जात नाही. कर्ण कोणाचा मुलगा हे महाभारत आपल्याला आदिपर्वातच सांगून टाकतं, कर्णाला ते युद्धाच्या तोंडावर कळतं, आणि तोवरचा सगळा जीव आपला टांगणीला लागतो. गुपित कळल्याने कथा मरत नाही. मरते ती ओळख न करून दिल्याने. म्हणून मी १९७७ पासून सुरू करा म्हणतो ते ओळखीसाठी, गुपितासाठी नव्हे.

आणि मधून सुरू करण्यात अमेरिकेची काही नवलाई नाही. महाभारत कुठून उघडतं? नैमिषारण्यात सौती ऋषींना कथा सांगतो. ती त्याने ऐकली जनमेजयाच्या सर्पसत्रात, वैशंपायनांच्या तोंडून. जनमेजय हा अर्जुनाचा पणतू. म्हणजे ग्रंथ उघडताच आपण युद्धाच्या तीन पिढ्या पुढे असतो. नंबर घालायचेच म्हटले तर व्यासांचाही पहिला भाग शेवटचा ठरेल.

महाभारताचा विषय निघालाच आहे तर पुण्याला जाऊन येऊ. कारण 'यातलं खरं कोणतं?' हा भाच्याचा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचं सगळ्यात सविस्तर उत्तर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात दिलं गेलं आहे. १९१९ मध्ये तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. १९२५ पासून वि. सी. सुकथनकर यांनी त्याला पद्धत घालून दिली. ठिकठिकाणची १,२५९ हस्तलिखितं जमवली, शब्दाला शब्द लावून पाहिले. सुकथनकर १९४३ मध्ये गेले, काम १९६६ मध्ये पुरं झालं. १९ खंड भरले. या छाननीत व्यासांचा लेखनिक झालेला गणपती संहितेत राहिला नाही. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही गेला. पण गेला म्हणजे कुठे? फेकला नाही. तळटीपांत आणि परिशिष्टांत नीट छापून ठेवला. आणि आपण अजूनही गणपतीने महाभारत लिहिलं असंच पोरांना सांगतो.

लुकासफिल्मने २५ एप्रिल २०१४ रोजी हेच केलं, फक्त सत्तेचाळीस वर्षं न लावता, एका निवेदनात. सिनेमे आणि 'क्लोन वॉर्स' तेवढे प्रमाण, आधीच्या कादंबऱ्या-कॉमिक्सचा ढीग 'लेजंड्स' म्हणजे दंतकथा. सुकथनकरांपुढे हस्तलिखितांचा पुरावा होता. इथे पुढचे सिनेमे काढायला मोकळं अंगण हवं होतं. कारणाकारणांत एवढा फरक असला तरी परिशिष्टातली माणसं दोन्हीकडे चिवट निघाली. टिमथी झान यांनी १९९१ च्या कादंबरीत निर्माण केलेला निळ्या कातडीचा सेनापती थ्रॉन २०१४ मध्ये दंतकथेत गेला, २०१६ मध्ये 'रेबेल्स' या कार्टूनमधून परत आला आणि २०२३ च्या 'अहसोका' मालिकेत लार्स मिकेलसन यांच्या रूपाने सदेह उभा राहिला. 'अहसोका' पाहायला बसणाऱ्याने आधी 'रेबेल्स' पाहिलेली नसेल तर निम्मे चेहरे त्याला परके वाटतात, हे जाता जाता सांगून ठेवतो.

असाच एक खड्डा 'मँडलोरियन' मालिकेत आहे. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी शिपाई आणि त्याचं हिरवं पोर यांची ताटातूट होते, डोळे पुसावे लागतात. तिसरं पर्व लावलं की दोघं एकाच यानात! मध्ये काय झालं ते 'द बुक ऑफ बोबा फेट' या वेगळ्याच मालिकेच्या शेवटच्या तीन भागांत दडवून ठेवलंय. ग्राहकाला दुसऱ्या दुकानात पिटाळण्याचा हा प्रकार मला बिलकूल पसंत नाही.

विज्ञानाची फूटपट्टी घेऊन बसणाऱ्यांसाठी दोन ओळी. जयंत नारळीकरांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला इथे पोकळीत स्फोटाचे आवाज ऐकू येतील. १९७७ मध्ये हान सोलो 'पारसेक' हे अंतराचं माप वेळेसारखं वापरतो. २०१८ च्या 'सोलो'मध्ये, त्याने जवळची वाट शोधली होती, असं सांगून चाळीस वर्षांनी ती चूक सारवली. ही विज्ञानकथा नव्हेच. उडनखटोल्यातली राजा-राणीची गोष्ट आहे, तशीच पाहावी.

मग मी काय धरलं? चार, पाच, सहा. त्यानंतर 'अँडोर'ची दोन्ही पर्वं आणि लगेच 'रोग वन', जो १९७७ च्या सिनेमाच्या दारातच येऊन संपतो. एवढंच. 'अँडोर'साठी माझा पक्षपात आहे, मान्य. टोनी गिलरॉय यांच्या या मालिकेत चमकत्या तलवारी नाहीत. फेरिक्स नावाच्या गावात भंगार तोडणारे कामगार राहतात. उंच मनोऱ्यावर एक माणूस ऐरणीवर घण घालून वेळ सांगतो. कामगारांचे हातमोजे भिंतीवर ओळीने टांगलेले असतात, ज्याचे त्याने उचलायचे. गावातलं कोणी मेलं की त्याच्या राखेची वीट करतात आणि ती भिंतीत बसवतात. पहिल्या पर्वाच्या शेवटी एका म्हातारीची अशी वीट हातात घेऊन, वाजतगाजत, मिरवणूक निघते. एमआयडीसीत पाळी बदलताना सायकली-मोटारसायकलींची रांग पाहिलेल्या माणसाला ते गाव परकं वाटत नाही.

आणि ज्याला काहीच धरायचं नाही, फक्त चव घ्यायची आहे, त्याने 'व्हिजन्स' या मालिकेच्या दुसऱ्या खंडातली 'द बॅंडिट्स ऑफ गोलक' ही छोटी फिल्म पाहावी. ४ मे २०२३ ला आलेली, मुंबईच्या '८८ पिक्चर्स'ने बनवलेली, दिग्दर्शक ईशान शुक्ला. भरगच्च आगगाडीतून पळणारी भावंडं, मग एक ढाबा, आणि मागावर आलेला काळा शिपाई. आधीचं नंतरचं काही लागत नाही.

१९९९ चा बहार आणि २०१५ चा, दोन्ही मी सोडले. भाच्याने कागद पाहिला, मान डोलावली आणि आठवडाभरात चार, पाच, सहा संपवले. मृगाचा पहिला पाऊस झाला त्या संध्याकाळी भाऊजी बागेत पाणी कुठे साचलं ते पाहायला गेले होते. भाचा ओट्यावर बसून होता. मी म्हटलं, आता 'अँडोर' लाव.

"लावतो," तो म्हणाला, "पण मामा, तो ओवेनकाका... त्याचं अजून काही हाय का?"

आहे. २०२२ ची 'ओबी-वान केनोबी', सहा भाग. त्यात तो काका शेवटी आपलं घर राखायला बंदूक घेऊन उभा राहतो. ती माझ्या कागदावर नव्हती. मी पेन मागितलं.