हक्क, आजार आणि अनुदान

भारतातील समलिंगी आणि पारलिंगी समाजासाठी गेल्या तीन दशकांत संस्थांच्या मार्फत जो पैसा आला, त्याचा फार मोठा भाग या समाजाच्या हक्कांसाठी म्हणून आला नाही. तो एचआयव्हीच्या प्रतिबंधासाठी आला आणि हक्कांचे काम त्याच्या आडोशाने, जमेल तेवढे, होत राहिले. पैसा कोणत्या शीर्षाखाली येतो, कोणत्या मुदतीसाठी येतो आणि त्याचा विनियोग ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, या तीन गोष्टी त्याच्या रकमेइतक्याच, किंबहुना तिच्याहून अधिक, निर्णायक असतात, हे या समाजाच्या उदाहरणावरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल. येथे 'पारलिंगी' हा शब्द जन्मतः नोंदवलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असणाऱ्या सर्व व्यक्तींसाठी योजला आहे. हिजडा, किन्नर, जोगते यांसारखे परंपरागत समूह त्यात येतात आणि पारलिंगी स्त्री-पुरुषही येतात.

बाहेरच्या देणगीचा विचार करण्यापूर्वी या समाजाची स्वतःची अर्थव्यवस्था लक्षात घेणे आवश्यक आहे. मराठा राजवटीत दख्खनमधील काही हिजडा समूहांना गावोगाव ठरावीक वर्गणी मागण्याचे हक्क आणि काही ठिकाणी जमिनी सनदेने मिळालेल्या होत्या, आणि हे हक्क गुरूकडून चेल्याकडे वारशाने जात असत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई इलाख्याच्या इंग्रज सरकारने इनामे व वतने यांची छाननी करताना या हक्कांना मान्यता नाकारली. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या दुसऱ्या भागाने, तो जेथे लागू झाला त्या उत्तर भारतीय प्रांतांत, नोंदणी झालेल्या हिजड्यांना दानपत्र करण्याचा, मृत्युपत्र लिहिण्याचा आणि दत्तक घेण्याचा अधिकारच उरू दिला नाही. म्हणजे मिळवलेली पुंजी आपल्याच परंपरेतील पुढच्या पिढीला देण्याचा कायदेशीर मार्ग बंद झाला. उरली ती बधाई, म्हणजे बाळाच्या जन्माच्या किंवा लग्नाच्या वेळी आशीर्वाद देऊन घेतलेली दक्षिणा, आणि मंगती, म्हणजे दुकानांतून व रस्त्यांवर पैसे मागणे. त्यातही १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने मंगतीला गुन्ह्याच्या कक्षेत आणले. तरीही गुरूच्या घरी चेल्यांनी कमाईचा वाटा द्यायचा आणि गुरूने आसरा, आजारपण व म्हातारपण सांभाळायचे, ही व्यवस्था टिकून राहिली. तिच्यात पिळवणुकीला जागा आहे हे खरे असले, तरी घरातून हाकलून दिलेल्या मुलांना आसरा देणारी दुसरी व्यवस्था दीर्घकाळ उपलब्ध नव्हती, हेही तितकेच खरे आहे.

संस्थात्मक निधीचा ओघ सुरू झाला तो १९९० च्या दशकात. जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारे १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच सुमारास मुंबईत समलिंगी पुरुषांचे संघटन आकार घेत होते. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केले आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट स्थापन झाला. सांताक्रूझ पूर्वेकडील वाकोला येथे महापालिकेच्या जुन्या इमारतीत या संस्थेला जागा मिळाली. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवत असताना शासनाच्याच एका अंगाने अशा संस्थेला जागा द्यावी, ही विसंगती केवळ साथीच्या भीतीमुळे शक्य झाली. पुढच्या काळात निधीचे आकारमान वाढत गेले. गेट्स फाउंडेशनने २००३ मध्ये महाराष्ट्रासह सहा राज्यांत 'आवाहन' हा एचआयव्ही प्रतिबंधाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि काही वर्षांनी तो टप्प्याटप्प्याने सरकारकडे सोपवला. २०१० मध्ये ग्लोबल फंडाच्या अनुदानातून 'पहचान' हा समलिंगी पुरुष, पारलिंगी व हिजडा समाजापुरता केंद्रित असा प्रकल्प १७ राज्यांत सुरू झाला.

या निधीची कार्यपद्धती जवळून पाहिली तर त्याचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही उमगतात. शासकीय भाषेत 'लक्ष्यगट हस्तक्षेप' म्हणवल्या जाणाऱ्या या प्रकल्पांत ज्यांना संसर्गाचा धोका अधिक आहे अशा गटांची स्थानिक पातळीवर मोजदाद केली जाते आणि साधारण ६० व्यक्तींमागे त्याच समाजातील एक पीअर एज्युकेटर नेमला जातो. महिन्याभरात किती जणांशी संपर्क झाला, किती निरोध वाटले गेले, लैंगिक आजारांच्या तपासणीसाठी किती जण आले, सहामाही एचआयव्ही चाचणी कितींची झाली, या रकान्यांनी भरलेल्या नोंदवहीवर पुढील हप्त्याची रक्कम अवलंबून असते. पोलिसांनी पकडलेल्या कार्यकर्त्याला सोडवण्यात गेलेली रात्र, किंवा घरच्यांनी जबरदस्तीने लग्न ठरवलेल्या तरुणाशी तासन्‌तास केलेले बोलणे, यांसाठी त्या वहीत रकाना नसतो. काम मात्र तेही करावेच लागते, कारण त्यावाचून समाजाचा विश्वास बसत नाही आणि विश्वास नसेल तर चाचणीलाही कोणी येत नाही.

तरीही या पैशाने जे उभे राहिले ते कमी लेखता येणार नाही. एकत्र बसण्याची सुरक्षित जागा, नियमित मानधन, हिशेब आणि अहवाल लिहिण्याचे प्रशिक्षण, सरकारी अधिकाऱ्यांशी बरोबरीने बोलण्याची सवय या गोष्टी एका पिढीला आरोग्य प्रकल्पांनी दिल्या. न्यायालयीन लढ्याची पहिली वाटही येथूनच गेली. नाझ फाउंडेशनने २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात कलम ३७७ ला आव्हान दिले तेव्हा समलिंगी पुरुष कायद्याच्या भीतीने लपून राहतात आणि त्यामुळे प्रतिबंधाचे काम अडते, हा युक्तिवाद केंद्रस्थानी होता; राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनेही, गृह मंत्रालयाच्या भूमिकेशी फारकत घेऊन, त्याला दुजोरा दिला. उच्च न्यायालयाचा २००९ चा अनुकूल निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने परस्परसंमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कलमाचा भाग अखेर रद्द केला. दरम्यान १५ एप्रिल २०१४ रोजीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 'नालसा' निकालाने लिंगओळख स्वतः ठरवण्याचा पारलिंगी व्यक्तींचा अधिकार मान्य केला. या दोन निकालांनंतर प्रश्न आरोग्याचा न राहता समान नागरिकत्वाचा झाला; निधीची रचना मात्र त्या वेगाने बदलली नाही.

आजाराच्या मापाने समाज मोजला की ज्यांच्यामुळे साथ पसरण्याचा धोका नाही ते हिशेबाबाहेर राहतात. समलिंगी व उभयलिंगी स्त्रिया आणि पारलिंगी पुरुष यांची गणना 'जोखीम गटां'त होत नसल्याने त्यांच्यासाठी जवळजवळ काहीच निधी उपलब्ध झाला नाही. मुंबईत १९९५ मध्ये 'स्त्री संगम' या नावाने सुरू झालेला आणि पुढे 'लेबिया' म्हणून ओळखला गेलेला गट कोणतेही अनुदान न घेता सदस्यांच्या श्रमावर आणि वर्गणीवर चालत आला आहे. अशा गटांना जी वैचारिक मोकळीक मिळते ती अनुदानित संस्थांना हेवा वाटावा अशी असते. पण घरातून पळून आलेल्या दोन मुलींना महिनाभर ठेवण्यासाठी खोली लागते, आणि खोलीला भाडे लागते. निवारा, मानसिक आरोग्य, शिक्षण, कायदेशीर मदत आणि वृद्धापकाळ ही क्षेत्रे निधीच्या नकाशावर दीर्घकाळ कोरी राहिली, त्याचे कारण या समाजाच्या गरजांत नसून देणाऱ्यांच्या वर्गवारीत आहे.

परदेशी पैशाच्या वाटेत कायद्याचे अडथळेही वाढले. विदेशी अंशदान नियमन कायद्याखाली नोंदणी होण्यासाठी संस्था किमान तीन वर्षे अस्तित्वात असावी लागते आणि तेवढ्या काळात तिने आपल्या कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. जिल्ह्याच्या गावातील एखाद्या पारलिंगी गटाला ही अट पुरी करणे दुरापास्त असते. पूर्वी असे गट नोंदणीकृत मोठ्या संस्थेकडून उपअनुदान घेत असत. २०२० च्या दुरुस्तीने परदेशातून आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला देण्यास पूर्ण मनाई केली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि ही रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच स्वीकारण्याचे बंधन घातले. परिणामी निधी मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांपाशी थांबू लागला.

या परावलंबित्वाची किंमत २०२५ च्या आरंभी उघड झाली. अमेरिकेच्या यूएसएड या सरकारी मदत यंत्रणेच्या पाठबळाने आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहभागाने हैदराबाद येथे २०२१ मध्ये 'मित्र' हा पारलिंगी व्यक्तींसाठीचा दवाखाना सुरू झाला होता आणि त्याच नावाचे दवाखाने पुढे कल्याण व पुणे येथेही चालू झाले. सामान्य तपासणी, संप्रेरक उपचारांबाबत मार्गदर्शन, समुपदेशन आणि एचआयव्ही उपचार एकाच छताखाली देणाऱ्या या केंद्रांतील कर्मचारीही बहुतांशी पारलिंगी समाजातलेच होते. अमेरिकी अध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ रोजी परदेशी मदत स्थगित केल्यानंतर काही दिवसांतच तिन्ही दवाखाने बंद झाले आणि त्यांचा आधार घेणारे सुमारे पाच हजार लोक वाऱ्यावर पडले. कल्याणच्या रुग्णाने वॉशिंग्टनमधील सत्तांतराचा परिणाम भोगावा, यात देणाऱ्याच्या हेतूचा दोष नसून एकाच दात्यावर उभ्या केलेल्या रचनेचा दोष आहे. हैदराबादचे केंद्र पुढे टाटा ट्रस्टच्या साहाय्याने 'सबरंग' या नावाने पुन्हा सुरू झाले, ही बाब देशांतर्गत निधीची शक्यता दाखवणारी आहे.

मग हा भार शासनाने उचलावा, हा विचार स्वाभाविक आहे आणि तत्त्वतः योग्यही आहे. केंद्र सरकारच्या 'स्माइल' योजनेसाठी २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांकरिता ३६५ कोटी रुपयांची तरतूद झाली. तिच्यात पारलिंगी व्यक्तींबरोबर भिक्षेकऱ्यांचे पुनर्वसनही समाविष्ट आहे, आणि मंगतीला गुन्हा मानणाऱ्या जुन्या दृष्टीची सावली त्या जोडणीवर पडलेली दिसते. याच योजनेतील 'गरिमा गृह' ही निवारागृहे समाजातील संस्था चालवतात, परंतु अनुदान महिनोन्‌महिने रखडल्याने भाडे आणि किराणा थकल्याच्या तक्रारी वारंवार पुढे आल्या. २०२० च्या टाळेबंदीत बधाई आणि मंगती दोन्ही एका दिवसात थांबल्या, तेव्हा केंद्राने पारलिंगी व्यक्तींना १,५०० रुपये देऊ केले; मात्र ते बँक खात्यातच जमा होणार असल्याने ज्यांच्यापाशी खाते किंवा बदललेल्या नावाची कागदपत्रे नव्हती त्यांना त्याचा उपयोग झाला नाही. २०११ च्या जनगणनेत 'इतर' या लिंगवर्गात महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली, आणि ही संख्या वास्तवापेक्षा बरीच कमी असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. ज्यांची मोजदादच अपुरी, त्यांच्यासाठीची तरतूदही अपुरी राहते.

दुसरा देशी स्रोत म्हणजे कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते आणि देशभरात ही रक्कम आता वर्षाला ३० हजार कोटींच्या घरात गेली आहे. कायद्याच्या सातव्या अनुसूचीत लिंगभाव समानता आणि मागास गटांची विषमता कमी करणे हे विषय असल्याने पारलिंगी समाजासाठी खर्च करण्यास आडकाठी नाही; तरीही कंपन्यांचा कल शाळा, जलसंधारण, वैद्यकीय उपकरणे अशा निर्विवाद कामांकडे राहतो. जून महिन्यात बोधचिन्हाला इंद्रधनुष्यी रंग देण्यास जितका उत्साह दिसतो, तितका निवारागृहाचे भाडे भरण्यात दिसत नाही. शिवाय हा निधी घेण्यासाठी संस्थेपाशी प्राप्तिकर कायद्याखालील प्रमाणपत्रे आणि 'सीएसआर-१' नोंदणी असावी लागते, आणि येथेही लहान गट दाराबाहेरच राहतात.

रकमेबरोबरच निर्णयाचा अधिकार कोणाकडे, हा प्रश्न जगात इतरत्रही विचारला गेला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९७७ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅस्ट्रिया फाउंडेशनने समलिंगी स्त्रियांनी स्वतः उभारलेल्या निधीचा पाया घातला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या इंटरनॅशनल ट्रान्स फंडात अनुदान कोणाला द्यायचे याचा निर्णय निरनिराळ्या देशांतील पारलिंगी कार्यकर्त्यांच्या मंडळाकडे असतो. सहभागी अनुदानवाटप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत कामाचा अग्रक्रम समाज ठरवतो आणि रक्कम विशिष्ट प्रकल्पाला बांधलेली नसल्याने भाडे, पगार, वकिलाची फी यांवरही खर्च करता येते. महाराष्ट्रातही बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात २००२ मध्ये स्थापन केलेल्या समपथिक ट्रस्टसारख्या संस्थांनी मराठीतून समुपदेशन, माहिती व पुस्तके यांचे जे काम उभे केले, ते कोणत्याही लक्ष्यगटाच्या चौकटीत मावणारे नव्हते, आणि म्हणूनच त्याला मुक्त निधीची गरज अधिक होती.

'मित्र'सारखा एक दवाखाना चालवण्यास, त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार, महिन्याला सुमारे अडीच लाख रुपये लागत होते. म्हणजे वर्षाला ३० लाख. ३० हजार कोटींच्या सामाजिक दायित्व निधीपुढे ही रक्कम नगण्य आहे, आणि तिन्ही दवाखान्यांचा वार्षिक खर्च मिळूनही एक कोटीच्या आत राहतो. तेव्हा अडचण पैशाच्या अभावाची नाही. समाजाला रोगाचे वाहक किंवा दयेचे धनी मानून दिलेला पैसा साथ ओसरली किंवा दात्याचे मन बदलले की थांबतो, तर त्याला समान नागरिक मानून केलेली तरतूद अर्थसंकल्पात, कंपन्यांच्या दीर्घ मुदतीच्या करारांत आणि सामान्य माणसाच्या नियमित वर्गणीत स्थिर जागा घेऊ शकते. दख्खनमधल्या जुन्या सनदांनी दिलेली रक्कम लहान होती, पण तिला हक्क असे नाव होते आणि ती पुढच्या पिढीकडे जात होती. आजच्या निधीला निदान त्या दोन कसोट्यांवर उतरावे लागेल.